नऊ काड्यांची मोळी

होळीच्या आधीच्या शनिवारी मुलगा आणि सून पुण्याहून आली, नातवंडांना दोन दिवस माझ्याकडे सोडायला. त्यांच्या नव्या घराची वास्तुशांत नुकतीच झाली होती. होमाचं उरलंसुरलं सामान सूनबाईने एका पिशवीत घालून माझ्या हवाली केलं. दोन नारळ, धुपाची पुडी आणि वर ‘नवग्रह समिधा’ असं छापलेलं एक पाकीट.

मुक्ताने ते पाकीट ओटीवर रिकामं केलं. पांढऱ्या दोऱ्याने बांधलेल्या नऊ जुड्या, प्रत्येक जुडीत बोटभर लांबीच्या काड्या. दोन जुड्या गवताच्या होत्या, तेवढ्या ओळखू आल्या. बाकी सगळ्या तिला सारख्याच दिसल्या. ती म्हणाली, “आजोबा, गुरुजी दर वेळी वेगळ्या ग्रहाचं नाव घेत होते. आपली काडी कुठली ते ग्रहाला कळतं का?”

“तुला कळतं का, ते आधी सांग,” मी म्हटलं. तिला कळत नव्हतं. निनाद तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, त्यालाही नाही. मग चपला घातल्या, काठी घेतली, खिशात चाकू टाकला आणि आम्ही निघालो.

ही यादी जुनी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत ग्रहशांतीच्या प्रकरणात ती येते आणि तो ग्रंथ सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा. रवीला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला उंबर, शनीला शमी, राहूला दूर्वा आणि केतूला दर्भ. पाच झाडं, एक झुडूप, एक तण आणि दोन गवतं. ज्याने कुणी ही यादी केली त्याची नजर वडाएवढ्या झाडावर जशी गेली, तशी पायाखालच्या गवतावरही गेली. मला त्याचं फार कौतुक वाटतं.

रुई मोरीपाशीच भेटली. कर्जत तालुक्यात रस्त्याच्या कडेला, जिथे कुणी काही लावत नाही तिथे ती हमखास असते. जाड, पिठूळ पानं आणि फिकट जांभळी, मेणाची केल्यासारखी फुलं. शनिवारी मारुतीला हिच्याच पानांचा हार घालतात, हे मुलांना माहीत होतं. मी एक पान खुडलं. देठातून दुधासारखा चीक टपटप गळायला लागला. मुक्ताने बोट पुढे केलं, तसा मी तिचा हात धरला.

“मी तुझ्याएवढा होतो तेव्हा माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला,” मी सांगितलं. “माझ्या आजीने रुईचा चीक काट्याच्या तोंडाशी लावला. गावात अजून लावतात. काटा दुसऱ्या दिवशी निघाला. पण चिकाचं तेच बोट मी डोळ्याला लावलं होतं. डोळा काही दुखला नाही, म्हणून मी कुणाला सांगितलंही नाही. संध्याकाळी कंदील लावला तर त्याच्याभोवती धुकं दिसायला लागलं. पुढे दोन आठवडे त्या डोळ्याने पाटीवरचं अक्षर लागत नव्हतं.”

या चिकाची खोड अशी, की बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला तो आतून इजा करतो आणि दुखणं मात्र दाबून टाकतो. त्यामुळे माणूस गाफील राहतो. माझा डोळा बरा झाला, पण सगळ्यांचा होतोच असं नाही.

निनादने विचारलं, “मग झाड असलं विष करतं तरी कशाला?” विचारायला हवा तो हाच प्रश्न. झाडाला पाय नाहीत. गाय आली, शेळी आली, अळी आली, तर पळता येत नाही. मग ते अंगातच रसायनशाळा चालवतं. रुईच्या चिकात अशी द्रव्यं आहेत की ती थेट हृदयाच्या ठोक्यांवर काम करतात. म्हणून गुरं रुईच्या वाटेला जात नाहीत. भर दुष्काळातही रुई हिरवी उभी दिसते ती याचमुळे.

पण निसर्गात कुठलंही कुलूप फार दिवस बंद राहत नाही. पानाच्या मागे काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यांची एक अळी होती. मी मुलांना हात न लावता वाकून बघायला सांगितलं. ही पुढे नारिंगी पंखांचं फुलपाखरू होते, पंखांची टोकं काळी आणि त्यावर पांढरे ठिपके. ती रुईचं पान खाते, त्यातलं विष स्वतःच्या अंगात साठवते आणि ते फुलपाखरातही उतरतं. ज्या पक्ष्याने एकदा ते चाखलं, तो पुन्हा त्या नारिंगी रंगाच्या नादी लागत नाही. गुरांपासून वाचण्यासाठी झाडाने केलेलं विष फुलपाखराला पक्ष्यांपासून वाचवतं. माणूस त्याच्याकडे औषध म्हणून बघतो, पण झाडाने ते आपल्यासाठी केलेलंच नाही. औषधी झाडांबद्दल मुलांना एकच गोष्ट सांगायची झाली, तर मी ही सांगेन.

पुढे माळावर पळस पेटला होता. फाल्गुनात त्याच्या अंगावर पान नसतं, नुसती केशरी फुलं. फुलाचा आकार पोपटाच्या चोचीसारखा, म्हणून संस्कृतात किंशुक. कुठेही गेलात तरी पळसाला पानं तीनच, ती मात्र पावसाच्या तोंडावर बघायची. त्याचीच पत्रावळ होते, फुलांचा रंगपंचमीला रंग होतो आणि बिया जंतांवर देत. आता मला नेहमी पडणारं कोडं सांगतो. जाळासारखं फुलणारं हे झाड शीतल चंद्राला का दिलं असेल? स्मृतीत कारण दिलेलं नाही, नुसती यादी आहे. खैराचं तसं नाही. खैराचा गाभा चिरला की तो तांबडालाल निघतो आणि मंगळही आकाशात तांबडाच दिसतो. तिथे जुळल्यासारखं वाटतं. पण एक जुळलं म्हणून सगळी जुळतात असं नाही.

खैरापाशी मात्र मी मुलांना जरा वेळ थांबवलं. या झाडाशी आमच्या रायगडची एक अख्खी जमात बांधलेली आहे. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या करायच्या, त्या मडक्यात तासन् तास उकळायच्या, पाणी आटवत आटवत घट्ट करायचं, की कात तयार. हे काम ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या करत आल्या ते कातकरी. पानाला रंग चढतो तो याच काताने. घसा बसला की वैद्य देतात त्या खदिरादि वटीतला खदिर म्हणजेही हाच. चहाच्या पाकिटांवर हल्ली ‘कॅटेचिन’ असा शब्द असतो. कॅटेचू म्हणजे कात, त्यावरून रसायनशास्त्राने ते नाव घेतलं. आमच्या डोंगरातल्या मडक्यातली वस्तू जगभरच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली.

तेवढ्यात मुक्ता ओरडली. तिच्या विजारीला गुडघ्यापर्यंत काटेरी दाणे चिकटले होते.

“हा तुझा बुध,” मी म्हटलं. आघाडा. मंगळागौरीला, हरतालिकेला, गणपतीच्या पत्रीत जो लागतो तो. उन्हाळ्याच्या तोंडाला त्याची उभी वाळकी काडी उरते आणि त्या काडीवर खाली तोंड केलेले दाणे. एक दाणा नखावर घेऊन बघा. त्याला सुईसारखी ताठ टोकं असतात. खालून वर बोट फिरवलं तर ती रुततात, वरून खाली फिरवलं तर लागत नाहीत. गाय, कुत्रा, मुक्ता, जो घासून जाईल त्याच्या अंगावर बसून आघाड्याचं बी गावभर हिंडतं.

शेतकरी याला तण म्हणून उपटतो. पण याची एक गोष्ट मला बाकीच्या आठही ग्रहांच्या गोष्टींपेक्षा मोठी वाटते. वाळलेला आघाडा जाळायचा. राख पाण्यात कालवून ठेवायची. वरचं स्वच्छ पाणी गाळून आटवायचं. कढईच्या तळाशी पांढरट भुकटी राहते, तो आघाड्याचा क्षार. जुन्या शल्यचिकित्सकांनी हा क्षार दोऱ्यावर चढवला. भगंदर नावाचा एक चिवट आजार आहे. गुदद्वाराजवळ आत बारीक नळीसारखी जखम होते, बरी झाली म्हणावं तर पुन्हा फुटते. त्या नळीतून हा दोरा ओवून ठेवतात आणि ठरावीक दिवसांनी बदलतात. दोरा हळूहळू कापत जातो आणि मागची जखम भरत येते.

दोरा करायची रीत ऐका. निवडुंगासारख्या दिसणाऱ्या थोराच्या चिकाचे आधी 11 थर द्यायचे. मग चीक आणि आघाड्याचा क्षार यांचे 7. शेवटी चीक आणि हळद यांचे 3. एकूण 21 पुटं, आणि प्रत्येक पूट वाळल्याशिवाय पुढचं नाही. ही विद्या मागे पडली होती. 1960 च्या दशकात काशी हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुन्हा हाती घेतली. पुढे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने वेगवेगळ्या रुग्णालयांत रुग्णांचे दोन गट करून क्षारसूत्राची शस्त्रक्रियेशी तुलना केली. निष्कर्ष 1991 मध्ये छापून आले. शस्त्रक्रियेची जखम साधारण 4 आठवड्यांत भरली, क्षारसूत्राला 8 लागले. पण वर्षभरात आजार परत उलटला तो शस्त्रक्रियेनंतर 11 टक्के लोकांत आणि क्षारसूत्रानंतर 4 टक्के लोकांत.

निनाद म्हणाला, “म्हणजे हळू, पण पक्कं.” मला त्याचा अभिमान वाटला. बुधाचं नाव घेऊन हे कळलं नसतं. कुणीतरी रुग्ण मोजले, वर्षभर त्यांचा माग ठेवला, तेव्हा कळलं.

नदीकाठी उंबर आहे. तिथे पोचेपर्यंत ऊन चढलं. ‘उंबराचं फूल झालास’ असं आपण बऱ्याच दिवसांनी भेटणाऱ्याला म्हणतो, कारण ते फूल कुणी पाहिलेलं नसतं. मुलांना मी म्हटलं, आज दाखवतो. खोडाला घोस लागले होते. एक कच्चं फळ घेतलं आणि चाकूने मधोमध चिरलं. आत पोकळी, आणि त्या पोकळीच्या भिंतीला आतल्या बाजूने चिकटलेली शेकडो बारीक फुलं. उंबराचं ‘फळ’ ही फुलांनी भरलेली कुपी आहे. फूल बाहेर येतच नाही, म्हणून दिसत नाही.

“मग मधमाशी आत जाते कशी?” मुक्ताने विचारलं.

मधमाशी नाही जात. उंबराची स्वतःची एक माशी आहे, जेमतेम दोन मिलिमीटरची. कुपीच्या तोंडाशी एक बारीक भोक असतं, ते खवल्यांनी जवळजवळ मिटलेलं. मादी त्यातून अंग घासत आत शिरते, तेव्हा बहुतेक वेळा तिचे पंख तुटून बाहेर राहतात. आत ती बरोबर आणलेले पराग फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. काही आठवड्यांनी आधी नर जन्मतात, पंख नसलेले. ते आतल्या आतच माद्यांना फळवतात, भिंत कुरतडून बाहेर जायची वाट करतात आणि मरतात. त्यांना बाहेरचा उजेड नशिबी नसतो. माद्या पराग घेऊन त्या वाटेने उडतात. त्यांच्या हातात एखाद-दुसरा दिवस असतो. तेवढ्यात दुसऱ्या झाडावरची नेमक्या वयाची कुपी शोधायची. वासावरून शोधतात. माशी नाही तर उंबराला बी नाही, उंबर नाही तर माशीला घर नाही.

मुक्ता बराच वेळ त्या चिरलेल्या फळाकडे बघत बसली होती. मग तिने ते दोन्ही भाग जोडून झाडाच्या मुळाशी ठेवले.

शुक्राचा हा उंबर आणि गुरूचा पिंपळ. पत्रिका मांडणाऱ्यासाठी या दोन ग्रहांची घरं निराळी. पण वैद्याकडे जा. वड, पिंपळ, उंबर, पायर आणि पारोसा पिंपळ या पाच साली एकत्र करून तो काढा करतो, त्याला पंचवल्कल म्हणतात आणि त्याने जखम धुतात. गुरू आणि शुक्र एकाच पातेल्यात! वैद्याने ग्रह पाहिलाच नाही. त्याने साल चघळली, ती तुरट लागली. तुरट वस्तू कातडी आवळते, स्राव थांबवते, एवढं त्याला कळलं. चरकसंहितेत औषधींचे 50 गट केले आहेत, ते कामावरून. ताप उतरवणाऱ्या, खोकला कमी करणाऱ्या, असे. समिधांची यादी होमाची आहे आणि वैद्याची यादी वेगळी आहे. आपण हल्ली दोन्ही एकत्र करून टाकतो, ते बरोबर नाही.

रात्री ओटीवर निनादने विचारलं, “दोन्ही एकत्र कुणीच केलं नाही का?”

केलं. लंडनमध्ये निकोलस कल्पेपर नावाचा एक तरुण होता, जन्म 1616 चा. औषधांची विद्या तेव्हा लॅटिनमध्ये कोंडलेली होती. याने 1649 मध्ये वैद्यांच्या मंडळाचा लॅटिन ग्रंथ साध्या इंग्रजीत आणला. मंडळ त्याच्यावर भयंकर चिडलं. 1652 मध्ये त्याने वनस्पतींचं स्वतःचं पुस्तक काढलं, गरिबाला परवडेल इतकं स्वस्त. त्यात जवळजवळ प्रत्येक वनस्पतीला त्याने एक ग्रह नेमून दिला. कांदा आणि लसूण झणझणीत, म्हणून मंगळाचे. काकडी पाणचट आणि थंड, म्हणून चंद्राची. अक्षर न कळणाऱ्या बाईलाही लक्षात राहील अशी ती खूण होती. गरिबांवर उपचार करत करत तो 37 व्या वर्षी क्षयाने गेला. त्या माणसाच्या मनाबद्दल मला आदर आहे.

पण त्याच्या पुस्तकात फॉक्सग्लव्ह नावाची घंटेसारख्या फुलांची वनस्पती आहे. तिला त्याने शुक्राची म्हटलं आणि जखमांवर सांगितली. हृदयाचं काहीच नाही. पुढे सव्वाशे वर्षांनी, 1775 च्या सुमारास, विल्यम विदरिंग नावाच्या डॉक्टरला अंगावर सूज येणाऱ्या आजारावरचा एक घरगुती काढा दाखवण्यात आला. श्रॉपशर भागातल्या एका म्हातारीचा तो गुप्त काढा होता. त्यात वीसेक वनस्पती होत्या. गुण फॉक्सग्लव्हचा असला पाहिजे हे विदरिंगने ओळखलं आणि पुढची दहा वर्षं तो मात्रा ठरवत बसला. किती दिल्यावर सूज उतरते, किती दिल्यावर रुग्णाला ओकाऱ्या होतात, नाडी मंदावते. 1785 मध्ये त्याने सगळे रुग्ण छापले, बरे झालेले आणि न झालेलेही. त्याच वंशातल्या एका झाडापासून डिगॉक्सिन हे औषध निघालं आणि ते हृदयरोग्यांना आजही देतात. थोडं कमी पडलं तर उपयोग नाही, थोडं जास्त झालं तर जीवावर बेतू शकतं.

“आणि तशाच जातीची द्रव्यं कुठे आहेत, सांगा बघू?”

“रुईत!” दोघं एकदम म्हणाली.

मुक्ता थोड्या वेळाने म्हणाली, “मग झाडांवर ग्रहांचं काहीच चालत नाही?”

एकाचं चालतं, नवग्रहांतल्या पहिल्याचं. सूर्यावरून निघालेला उजेड 8 मिनिटं 20 सेकंदांत आपल्या अंगणात पोचतो आणि पानात पडला की त्याची साखर होते. पिंपळ रात्रीही प्राणवायू सोडतो असं सांगतात, ते खरं नाही. प्राणवायू करायला झाडाला उजेड लागतो, पिंपळालाही आणि दूर्वेलाही. शिवाय झाड दिवसरात्रीची लांबी ओळखतं. अमेरिकेत तंबाखूची एक जात उन्हाळाभर नुसती वाढत राही, फुलतच नसे. गार्नर आणि ॲलर्ड या दोघांनी रोज दुपारनंतर ती रोपं काळोखात ठेवून दिवस लहान केला, तशी ती फुलली. हे 1920 मध्ये प्रसिद्ध झालं. शेवंतीही अशीच रात्र लांबायची वाट बघते.

तीन जुड्या राहिल्या होत्या. दूर्वा अंगणातच होती, पेराला मुळं फुटत पसरणारी. घोळणा फुटला की तिचा रस नाकात पिळत. दर्भाची कड हाताला लावून दाखवली. कुश, म्हणजे हाच दर्भ, हात न चिरता कापून आणतो तो कुशल, असं जुने पंडित सांगत. शमी मात्र आमच्याकडे पावसाच्या मुलखात नाही, ती कोरड्या मुलखातली. मराठीत तिला सौंदड म्हणतात. ती सावकाश वाढते, मुळं खूप खोल नेते. शनीला एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, तेवढ्यात शमी जेमतेम मोठी म्हणावी अशी होते. राजस्थानात तिला खेजडी म्हणतात. 1730 मध्ये जोधपूरच्या राजाची माणसं खेजडली गावात ती तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभी राहिली. तिच्यासकट एकेक करत 363 बिश्नोई माणसांनी जीव दिला. ही गोष्ट सांगितल्यावर मुलं बराच वेळ काही बोलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी निघताना मुक्ताने जुड्या पाकिटात भरल्या आणि प्रत्येकीला नावाची चिठ्ठी बांधली. ग्रहाचं नाव एका बाजूला, झाडाचं दुसऱ्या.

तुमच्याही घरी असं पाकीट येईल तेव्हा ते उघडा आणि मुलांना घेऊन बाहेर पडा. रुई, आघाडा, पिंपळ, उंबर आणि दूर्वा, ही पाच तरी जवळपास सापडतील. यातलं काहीही वैद्याला विचारल्याशिवाय पोटात घेऊ नका. आणि रुईला हात लावलात तर डोळ्याला बोट लावण्याआधी हात स्वच्छ धुवा. चीक डोळ्यात गेलाच, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. भरपूर पाण्याने डोळा धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.